वेल्श दैनिकाचे आश्वासन आणि दोन लाख पौंड: एक प्रकरण अभ्यास

वेल्श भाषेत छापील दैनिक आजवर निघालेले नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये मात्र ते निघण्याच्या अगदी तोंडाशी आले होते. कंपनी नोंदवलेली होती, भागधारक होते, मखन्लेथ या गावी बस्तान मांडायचे ठरले होते आणि पहिल्या अंकासाठी 3 मार्च ही तारीख मुक्रर झाली होती. त्याच फेब्रुवारीच्या मध्यास कंपनीने प्रकल्प सोडून दिल्याचे जाहीर केले. वेल्सच्या सरकारने मदत नाकारली म्हणून दैनिक बुडाले, असे या प्रकरणाविषयी सहसा सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. सरकारने पैसे देऊ केले होते. ते जितके होते तितक्यात दैनिक निघत नव्हते, आणि तितक्यात दुसरे काय निघू शकते हे प्रत्यक्ष दिसायला त्यानंतर सव्वा वर्ष जावे लागले.

या टिपणात प्रकरणातील व्यक्तींचा उल्लेख केवळ त्यांच्या पदाने केला आहे. संस्था, तारखा आणि आकडे खरे आहेत. दैनिकाचे ठरलेले नाव होते 'अ बीड'. वेल्शमध्ये 'बीड' म्हणजे जग आणि 'अ' हे त्याआधीचे उपपद. मराठवाड्यातील वाचकाला नाव ओळखीचे वाटेल, पण तो निव्वळ योगायोग आहे.

पार्श्वभूमी

2001 च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे 5 लाख 82 हजार लोकांनी, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या 20.8 टक्क्यांनी, आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदवले. बोलता, वाचता आणि लिहिता अशा तिन्ही गोष्टी येतात असे सांगणारे 4 लाख 58 हजारांच्या आसपास होते. दैनिक काढणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा आकडा कामाचा, पण तोही जपून वापरावा लागतो, कारण या साडेचार लाखांतील जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस इंग्रजी तितक्याच सहजपणे, पुष्कळदा अधिक सहजपणे, वाचतो. वेल्श दैनिक नाही म्हणून कोणाची बातमी अडत नाही. त्यामुळे असे दैनिक निघाले तर वाचकाने ते रोज सकाळी, शेजारी जाडजूड आणि स्वस्त इंग्रजी दैनिक पडलेले असताना, मुद्दाम उचलावे लागणार होते.

वेल्श पत्रकारितेची परंपरा मात्र दुबळी नाही. डेन्बीचे मुद्रक थॉमस जी यांनी दोन पत्रे एकत्र करून 1859 मध्ये सुरू केलेले 'बानर आक आम्सेराय कम्री' हे पत्र 1992 पर्यंत चालले. 'अ कम्रो' हे साप्ताहिक 1932 पासून होते. 'गोलुग' हे साप्ताहिक 1988 मध्ये सुरू झाले आणि त्याचा कारभार लॅम्पीटरहून चालत असे. यांखेरीज 1973 मध्ये कार्डिफच्या 'अ दिनेसिद'पासून एक वेगळाच प्रकार रुजला होता. त्याला 'पापिर ब्रो' म्हणतात. ब्रो म्हणजे आपला टापू, आपली पंचक्रोशी. अशी पन्नासहून अधिक मासिक पत्रे गावोगावचे स्वयंसेवक चालवत आले आहेत. अंक छापून आला की ठरल्या संध्याकाळी शाळेच्या किंवा प्रार्थनागृहाच्या खोलीत माणसे जमतात, लांब टेबलांवर पाने लावतात, घड्या घालतात, गठ्ठे बांधतात आणि घरी जाताना आपापल्या गल्लीचे अंक सोबत नेतात. वेल्श छापलेले वाचणारा वाचक आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर या टेबलांवर मिळत होते. तो वाचक महिन्यातून एकदा वाचत होता, आणि त्यासाठी राबणाऱ्या हातांना पगार नव्हता.

ध्वनी आणि चित्र या माध्यमांत सार्वजनिक पैसा केव्हाच आला होता. बीबीसीचे वेल्श आकाशवाणी केंद्र 1977 मध्ये सुरू झाले. वेल्श दूरचित्रवाहिनीचे आश्वासन थॅचर सरकारने मागे घेतले तेव्हा वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनव्होर एव्हन्स यांनी 1980 मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकारने माघार घेतली, आणि नोव्हेंबर 1982 मध्ये एस-फोर-सी वाहिनी सुरू झाली. 2007 च्या सुमारास या वाहिनीला लंडनच्या तिजोरीतून वर्षाला नऊ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळत होती. छापील माध्यमाला मिळणारे अनुदान याच्या पासंगालाही पुरत नव्हते. ते अ‍ॅबरिस्टविथ येथील वेल्श पुस्तक परिषदेमार्फत नियतकालिकांना वाटले जाई.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत दैनिकाची कल्पना घेऊन 'डद्यॉल' नावाची मर्यादित कंपनी उभी राहिली. नावाचा अर्थच दैनिक. प्रवर्तकांपुढे बास्क भाषकांचे उदाहरण होते. तेथे 1990 पासून चाललेले 'एगुंकारिया' हे दैनिक स्पेनच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2003 मध्ये बंद पाडले, तेव्हा हजारो वाचकांनी छोटे छोटे समभाग घेतले आणि अवघ्या चार महिन्यांत, 21 जून 2003 रोजी, 'बेरिया' हे नवे दैनिक बाजारात आणले. बास्क भाषकांची संख्या वेल्श भाषकांपेक्षा अवाढव्य नाही. तेथे जमते तर येथे का नाही, हा प्रश्न रास्त होता. डद्यॉलनेही समभाग विकून आणि हितचिंतक जमवून सुरुवातीचे भांडवल उभे केले.

अडचण कुठे होती

पहिली अडचण नकाशाची. वेल्श भाषकांचे प्रमाण सर्वाधिक आहे ते वायव्येकडील ग्विनेद आणि अँगलसी या भागांत. नैर्ऋत्येकडे केरेडिगिऑन आणि कारमार्थनशायरमध्ये ते निम्म्याच्या आसपास होते. शिवाय सरकारी कचेऱ्या आणि माध्यमसंस्थांमुळे कार्डिफमध्ये एक शिकलेला, पगारदार वेल्श वाचक राहतो. या तीन ठिकाणांना जोडणारी सरळ वाट नाही. कार्डिफहून बँगरला रेल्वेने जायचे तर गाडी इंग्लंडमधील श्रूझबरीवरून फिरून जाते. दक्षिणोत्तर जाणारा ए-470 हा रस्ता सुमारे 300 किलोमीटर डोंगरांतून वळणे घेत जातो. मखन्लेथ हे गाव निवडण्यामागे ते साधारण मध्यावर आहे हा विचार होताच, पण मध्यावर असणे म्हणजे सगळ्यांपासून सारखेच दूर असणे. सकाळी सातच्या आत एखाद्या खेड्यातील दुकानात दहा-बारा अंकांचा गठ्ठा टाकण्यासाठी गाडीला जितका फेरा पडतो, तितकाच तो शंभर अंकांसाठी पडतो. इंग्रजी दैनिकांच्या गाड्यांतून गठ्ठे पाठवले तर त्यांच्या वेळा आणि त्यांचे दर पाळणे आले.

दुसरी अडचण जाहिरातींची. 'वेस्टर्न मेल' आणि 'डेली पोस्ट' ही वेल्समधील दोन मोठी इंग्रजी दैनिके एकाच समूहाची होती आणि त्या काळात प्रत्येकाचा खप चाळीस हजारांच्या आतबाहेर होता. मोटारी विकणाऱ्या दुकानदाराला त्याचे वेल्श गिऱ्हाईक तेथेच भेटत असे. त्याच गिऱ्हाइकासाठी दुसरीकडे पुन्हा पैसे मोजायचे त्याला कारण नव्हते. राहिल्या सार्वजनिक संस्थांच्या जाहिराती. 1993 च्या वेल्श भाषा कायद्यामुळे या संस्थांना वेल्शमध्ये व्यवहार करण्याची योजना आखावी लागे, आणि नोकरभरतीच्या जाहिराती वेल्शमध्येही निघत. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणची किती दैनिके सरकारी यादीवर असण्यावर आणि जाहीर नोटिसांवर तगून आहेत हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या जाहिरातींचे महत्त्व निराळे समजावून सांगायला नको. फक्त 2007 पर्यंत नोकऱ्यांच्या जाहिराती कागद सोडून संगणकाच्या पडद्याकडे निघाल्या होत्या.

या दोन अडचणी कोणत्याही छोट्या भाषेच्या दैनिकापुढे असतातच, आणि त्यांचे उत्तर म्हणूनच सार्वजनिक निधीचा विचार येतो. तिसरी अडचण मात्र त्या निधीच्या आश्वासनातूनच उद्भवली, आणि माझ्या मते ती या प्रकरणाचा गाभा आहे.

मे 2007 च्या निवडणुकीत 60 जागांच्या वेल्श विधिमंडळात मजूर पक्षाला 26 आणि प्लाइड कम्री या राष्ट्रवादी पक्षाला 15 जागा मिळाल्या. जूनमध्ये दोघांनी मिळून 'वन वेल्स' नावाचा करार केला. आपल्या राजकीय भाषेत तो किमान समान कार्यक्रम होता. वेल्श नियतकालिके आणि वृत्तपत्रे यांचा निधी व पाठबळ वाढवले जाईल, आणि त्यात वेल्श दैनिकाच्या स्थापनेचाही समावेश असेल, अशा आशयाचे एक वाक्य त्यात होते. रक्कम नव्हती. मुदत नव्हती. मदत एकदाच भांडवल म्हणून द्यायची की दरवर्षीची तूट भरून काढायची, हेही नव्हते. ते दैनिक डद्यॉलचेच असेल असे म्हटले नव्हते, पण त्या वेळी दुसरे कोणी दैनिक काढायला उभेही नव्हते, त्यामुळे वाचणाऱ्या प्रत्येकाने तोच अर्थ घेतला. कंपनीने तर घेतलाच.

समोर असलेले पर्याय

सरकारपुढचा सर्वांत सरळ पर्याय म्हणजे दैनिकाची तूट मान्य करून ती काही वर्षे भरून काढणे. याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा नसून स्वातंत्र्याचा आहे: ज्या मंत्र्याच्या सहीने दैनिक चालते, त्या मंत्र्यावर ते दैनिक काय लिहिणार? पण या आक्षेपावर युरोपात जुने उत्तर आहे. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये वृत्तपत्रांना सार्वजनिक मदत मिळते, आणि ती कोणाला किती हे मंत्र्याच्या मर्जीवर न सोडता नियमांनी बांधण्याचा प्रयत्न असतो. योगायोगाची गोष्ट अशी की ज्या फेब्रुवारी 2008 मध्ये वेल्श दैनिकाचा निकाल लागला, त्याच महिन्याच्या 6 तारखेला नॉर्वेच्या उत्तर टोकाला दोन छोटी सामी पत्रे एकत्र होऊन 'आव्विर' हे सामी भाषेतील दैनिक सुरू झाले. सामी भाषकांची संख्या वेल्श भाषकांच्या जवळपासही नाही. फरक इतकाच की त्या देशात पत्राला आधार देण्याची व्यवस्था आधी होती आणि पत्र नंतर आले. वेल्समध्ये पत्राची तारीख आधी ठरली, व्यवस्था ठरायचीच होती.

दुसरा पर्याय, असलेल्या साप्ताहिकांना आणि मासिकांना बळ देण्याचा. यात जोखीम कमी होती. शिवाय नवे दैनिक निघाले तर ते 'गोलुग' आणि 'अ कम्रो' यांचेच पत्रकार आणि वाचक ओढणार, हे उघड होते. वेल्शमध्ये सफाईने बातमी लिहिणारी माणसे मोजकी आहेत आणि त्यांपैकी बरीच दूरचित्रवाणीच्या पगारावर जातात. ज्या संस्थांनी वीस-पंचवीस वर्षे पदरमोड करून काम केले, त्यांच्या डोक्यावर सरकारी पैशाने नवा प्रतिस्पर्धी बसवायचा का, हा प्रश्न क्षुद्र नव्हता.

तिसरा पर्याय महाजालाचा. बीबीसीचे वेल्श बातम्यांचे पान तेव्हाही होते, परंतु बीबीसीबाहेर रोजच्या बातम्यांचे वेल्श संकेतस्थळ नव्हते. कागद, छपाई आणि गाड्या हे तिन्ही खर्च यात वाचणार होते. दुसरीकडे, छापील वेल्श पत्राशी सर्वाधिक निष्ठा बाळगणारा वाचक वयस्क होता, आणि संकेतस्थळासाठी तो वर्गणी भरेल असे 2008 मध्ये कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

कंपनीपुढचे पर्याय वेगळे होते. आधी वर्गणीदार जमवून, ठरावीक संख्या गाठल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही, हा एक. आठवड्यातून पाच अंकांऐवजी एक-दोन काढून पुढे वाढायचे, हा दुसरा. बेरियाचे पूर्वज 'एगुंकारिया' किंवा आयर्लंडमधील 'ला' यांचा इतिहास पाहिला तर दोन्ही तऱ्हा दिसतात. बेलफास्टचे 'ला' हे आयरिश भाषेतील पत्र 1984 मध्ये सुरू झाले आणि दैनिक झाले ते 2003 मध्ये. मात्र मखन्लेथच्या मंडळींचे सारे आवाहनच दैनिकाचे होते. साप्ताहिक तर आधीच दोन होती, आणि तिसऱ्यासाठी कोणी समभाग घेतले नसते.

काय केले गेले

ही आघाडी सत्तेवर आल्यावर संस्कृती आणि भाषा सांभाळणाऱ्या वारसा खात्याने वेल्श छापील माध्यमांचा स्वतंत्र आढावा करून घेतला. हे योग्यच होते, पण त्यात 2007 सरले आणि कंपनीची मार्चमधील तारीख जवळ आली. फेब्रुवारी 2008 च्या पहिल्या आठवड्यात वारसा मंत्र्यांनी, जे प्लाइड कम्रीचे होते, निर्णय जाहीर केला: वेल्श वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांच्यासाठी वर्षाला आणखी 2 लाख पौंड, तीन वर्षांसाठी, म्हणजे एकूण 6 लाख. ही रक्कम कोणा एका पत्रासाठी राखीव नव्हती.

2 लाख पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने दीड कोटी रुपयांच्या आसपास. एखाद्या मासिकाला हा आकडा डोळे दिपवणारा वाटेल. दैनिकाच्या हिशेबात तो मांडून पाहू. आठवड्याला पाच अंक धरले तर वर्षाला साधारण 250 अंक होतात, म्हणजे प्रत्येक अंकामागे 800 पौंड. त्या 800 पौंडांत मजकूर, मांडणी, छपाई, कागद, रात्रीच्या गाड्या आणि उरलेल्या अंकांची परती यांतली तूट भरून निघायला हवी. दुसऱ्या बाजूने पाहिले तर एका पत्रकारावरचा वर्षाचा खर्च 25 हजार पौंड धरला तरी 2 लाखांत आठ माणसे बसतात, आणि मग कागदाला काही उरत नाही. आठ माणसांत पाच दिवसांचे दैनिक निघत नाही. पण आठ माणसांत रोजच्या बातम्यांचे संकेतस्थळ निघते. मंत्र्यांच्या निवेदनात हे वाक्य नव्हते. ते आकड्यात होते.

कंपनीने काही दिवसांतच हिशेब करून प्रकल्प थांबवल्याचे जाहीर केले. करारातले वचन मोडल्याची टीका झाली, आणि ती मंत्र्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या मतदारांकडून अधिक तिखटपणे झाली, कारण भाषेचा प्रश्न हा त्या पक्षाच्या घरातला प्रश्न मानला जातो. जुलै 2008 मध्ये वारसा मंत्री बदलले. त्याचे कारण वेगळेच होते. निधी कायम राहिला आणि तो कसा खर्च करायचा हे काम पुस्तक परिषदेकडे गेले. परिषदेने प्रस्ताव मागवले. वर्षाला 2 लाखांप्रमाणे तीन वर्षांचे काम अखेर 'गोलुग'च्या प्रकाशकांना मिळाले, आणि मे 2009 मध्ये 'गोलुग 360' हे वेल्श वृत्तसंकेतस्थळ सुरू झाले.

परिणाम

गोलुग 360 टिकले. रोजच्या वेल्श बातम्या, बीबीसीखेरीज दुसऱ्या संपादकाच्या नजरेतून, हा त्याचा लाभ खरा आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. 2014 मध्ये बीबीसीने 'कम्री व्ह्यू' ही नवी वेल्श सेवा आणली तेव्हा स्पर्धा वाढली, तरी दोन्ही चालू राहिली. छापील बाजू मात्र आक्रसत गेली. 'अ कम्रो' हे साप्ताहिक जून 2017 मध्ये बंद पडले आणि 2018 मध्ये नव्या मंडळींनी ते मासिक म्हणून पुन्हा सुरू केले.

दैनिक निघाले असते तर काय झाले असते, हे सांगताना डद्यॉलच्या बाजूच्या माणसालाही सावध राहावे लागते. मार्च 2008 मध्ये निघालेल्या पत्राला सहा महिन्यांत लेहमन बँकेचे दिवाळे आणि त्यामागून आलेली जाहिरातींची मंदी झेलावी लागली असती. बेलफास्टचे 'ला', जे तोवर 'ला नुआ' झाले होते, त्याचे सार्वजनिक अनुदान काढून घेतले गेले आणि डिसेंबर 2008 मध्ये ते बंद पडले. अनुदानावर चालणारे दैनिक अनुदानाबरोबर जाते, याचे उदाहरण समुद्रापलीकडे नऊ-दहा महिन्यांतच समोर आले. उलट बेरिया चालू राहिले. त्यालाही बास्क सरकारची मदत होती, पण त्या मदतीच्या आधी हजारो भागधारक होते आणि बंदीने चिडलेला समाज होता. वेल्समध्ये दैनिकावर कोणी बंदी घातली नव्हती. तेथे संताप जमवायलाही काही कारण नव्हते, हे प्रवर्तकांचे एक विचित्र दुर्दैव म्हणावे लागेल.

निर्णयाच्या जागा

या जागा शेवटाकडून मागे जात पाहिल्या तर अधिक स्पष्ट दिसतात.

सर्वांत शेवटची जागा पुस्तक परिषदेच्या प्रस्तावांची. येथे काम नेटके झाले असे मला वाटते. रक्कम ठरलेली होती, त्या रकमेत काय होऊ शकते याचा अंदाज घेऊन ती वस्तू मागितली गेली, आणि मंत्री व संपादक यांच्यामध्ये एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. पण 'छापील दैनिक की रोजच्या बातम्या' हा मूळ प्रश्न तोवर चर्चेशिवायच निकालात निघाला होता. तो विधिमंडळात उघडपणे मांडला गेला असता तर कदाचित संकेतस्थळाच्याच बाजूने कौल लागला असता. निदान तो कौल तरी असता.

त्याआधीची जागा कंपनीची. काही दिवसांत प्रकल्प सोडण्याऐवजी तारीख पुढे ढकलून, छोटा आराखडा घेऊन, देऊ केलेल्या निधीतला वाटा मागता आला असता. याविरुद्ध एक प्रामाणिक उत्तर आहे: भागधारकांनी पैसे दैनिकासाठी दिले होते, आणि अपुऱ्या भांडवलावर दैनिक सुरू करून वर्षभरात बुडवणे म्हणजे पुढच्या पिढीसाठीही ते दार बंद करणे. हे उत्तर मला पटते. न पटण्याजोगी गोष्ट त्याआधीची आहे. सरकारी आकडा हाती येण्यापूर्वी 3 मार्च ही तारीख बांधून घेतल्याने कंपनीने स्वतःचीच घासाघीस करण्याची ताकद घालवली. अंक छापायला तीन-चार आठवडे उरले असताना सरकारशी बोलणी करणाऱ्याला 'नाही' म्हणण्याला अर्थ उरत नाही. 2 लाखांच्या उत्तरावर 'आम्हाला शरदापर्यंत वेळ द्या, या रकमेबरोबर सार्वजनिक जाहिरातींची हमी द्या' असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

त्याआधीची जागा मंत्र्यांची. येथे तीन वाटा होत्या. दैनिकाला लागेल तितकी रक्कम द्यायची. दैनिक परवडत नाही असे स्वच्छ सांगून करारातील वाक्य मागे घ्यायचे. किंवा मधली रक्कम जाहीर करून वाक्य पाळले गेले की मोडले, हे ज्याने त्याने ठरवावे. तिसरी वाट निवडली गेली. आघाडीतील धाकट्या पक्षाच्या मंत्र्याला अर्थखात्याकडून किती पैसे सुटले असतील याची कल्पना करता येते, आणि एकूण अर्थसंकल्प तंग होता. तरी दुसरी वाट स्वस्त होती. दैनिक नाही, त्याऐवजी रोजची वेल्श वृत्तसेवा, आणि तिची ही रक्कम, असे फेब्रुवारीतच सांगितले असते तर राजकीय किंमत तितकीच पडली असती, पण मधले वर्ष वाचले असते, आणि डद्यॉलकडे जमलेले भांडवल व माणसे त्या वृत्तसेवेकडे वळवण्याची एक संधी तरी राहिली असती. दैनिकासाठी हात वर करणारा समाज आणि संकेतस्थळासाठी आलेला निधी यांची गाठच पडली नाही.

आणि सर्वांत पहिली जागा, जून 2007 मधील ते वाक्य. करार लिहिणाऱ्यांना त्यात आकडा घालणे अवघड गेले असते, कारण दोन पक्षांनी त्या दिवशी शेकडो गोष्टी मान्य करायच्या होत्या आणि वाक्य जितके मोघम तितके ते लवकर मंजूर होते. 'स्थापना' हा शब्द मोठ्या पक्षाला भांडवलाचे एकवेळचे सहाय्य म्हणून वाचता येत होता, आणि कंपनीला दरवर्षीचा आधार म्हणून. त्या शब्दापुढे एखादी रक्कम आणि 'तीन वर्षे' एवढे जरी लिहिलेले असते, तरी जो वाद फेब्रुवारीत झाला तो जूनमध्येच झाला असता, आणि तारीख ठरवायला कंपनीच्या हाती आठ महिने असते.